कपाटातली हार्ड डिस्क

प्रिय रत्ना,

यावलला तुझं बस्तान नीट बसलं, हे कळलं. फोन करता आला असता, पण फोनवर मी अर्ध्यातच विषय बदलला असता. म्हणून लिहितोय.

देवपूरचा आपला दवाखाना चालू आहे. साक्री तालुक्यातल्या गावांची सिकलसेलची, त्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी आम्ही पुन्हा पहिल्यापासून केली. दोन वर्षं लागली. तू सहा वर्षं गावोगाव फिरून जमवलेल्या नोंदी त्या सोमवारी ईमेलमधून आलेल्या व्हायरसनं कुलूपबंद केल्या, तेव्हा मी डॉक्टरांना छातीठोकपणे म्हणालो होतो, "काळजी नको, दोन डिस्क आहेत. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उमटतं." तेच नडलं. व्हायरसचं कामही दुसरीवर त्याच क्षणी उमटलं. एक जळाली असती, तर दुसरीनं तारलं असतं. इथे दोन्ही धडधाकट आणि दोन्ही निरुपयोगी. तू कितीदा बजावायचीस, "कुंदन, जोडीची डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. प्रत वेगळी काढून, वायर सोडवून ठेवायची." दर शनिवारी तू कपाटातल्या हार्ड डिस्कवर कॉपी करत बसायचीस आणि मी हसायचो.

परत तपासायला गेलो, तेव्हा भिकुबाई दारातच म्हणाल्या, "भाऊ, पोरनं रगत तं एकदाव दिन्हं शे ना, आते परत काब्र?" रक्त पुन्हा का घ्यायचं, हे न सांगताच मी वहीत पोरीचं नाव लिहून घेतलं. नोंदी गेल्या त्याच महिन्यात त्यांची नात अंगदुखीनं तळमळत आली होती. ड्युटीवर नवे डॉक्टर, हातात कागद नाही, कॉम्प्युटरवर नाव नाही. तिला सिकलसेल आहे हे कुणाला कळलं नाही, दोन दिवस साध्या तापाचे उपचार झाले. पोर वाचली, आता शाळेत जाते. पण ते दोन दिवस भिकुबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या, ते मी रोज येता-जाता पाहिलं.

आता रोज प्रत निघते. एक हार्ड डिस्क साक्रीचे आरोग्यसेवक नीलेशभाऊ यांच्या घरी असते, आणि महिन्यातून एकदा तिच्यातल्या नोंदी खरंच उघडतात का, हे मी स्वतः बघतो. सगळं तुझ्याच पद्धतीनं.

त्या सोमवारी तू धावत कपाटाकडे गेलीस, हार्ड डिस्क जोडलीस आणि तिच्यातून नव्या इमारतीच्या उद्घाटनाचे व्हिडिओ निघाले. "कॉपी मी घेतली होती," एवढंच तू म्हणालीस. कुणी विश्वास ठेवला नाही. महिन्याभरात तू राजीनामा देऊन गेलीस. रत्ना, ती डिस्क मी पुसली होती. आदल्या गुरुवारी व्हिडिओंना जागा हवी होती. शनिवारी तू रजेवर होतीस, सांगायचं राहून गेलं; आणि सोमवारी सांगायची हिंमत झाली नाही.

काल डॉक्टरांना सगळं लिहून दिलं. शुक्रवारी तेच सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर वाचणार आहे. तुझ्या फाइलमधला 'निष्काळजीपणा' हा शेरा काढायचं त्यांनी कबूल केलंय. माझं काय होईल, ठाऊक नाही. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. 'माफ कर' असं दोनदा लिहिलं आणि खोडलं. त्या दिवशी डिस्क हातात धरून तू माझ्याकडे बघितलं होतंस. तेव्हाच तुला कळलं होतं का? एवढं फक्त कधीतरी सांग.

तुझाच,
कुंदन