गुडघ्यापर्यंतची चड्डी

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. डॉक्टर म्हणाले, राग आला की लिहून काढत जा, ब्लड प्रेशर उतरेल. मी मुळात रागीट नाही. मला चुकीचं खपत नाही, एवढंच. पण लिहितो.

विषय: लेक. वय बारा. शाळेत दर गुरुवारी पोहण्याचा तास. गेले चार गुरुवार तिच्या पोटात दुखतंय. आज बायकोने खरं कारण काढून घेतलं. शाळेचा कॉस्च्युम मांडीवर इतका वर कापलेला आहे की पोर एका हाताने तो खाली ओढते आणि एका हाताने पोहते. मग पोहणंच सोडते आणि काठावर टॉवेल गुंडाळून बसते. हीच मुलगी गेल्या वर्षापर्यंत ओठ निळे पडले तरी पाण्याबाहेर यायची नाही.

२७ तारखेला पंचवीस मीटरची टेस्ट. जमली नाही तर पुढच्या वर्षी लहान मुलांच्या बॅचमध्ये.

डोकं भणाणलं. मुलं गुडघ्यापर्यंत झाकलेली, आणि मुलींनीच काय पाप केलंय?

संकल्प: १. शनिवारपर्यंत तिला लांब, आरामशीर, नीट चड्डी आणणे. २. आवाज न चढवणे.

लेक म्हणाली, बाबा, चड्डी नका म्हणू, शॉर्ट्स म्हणा. म्हटलं, बावीस वर्षं कापडात गेली माझी. तंबू आणि ताडपत्र्यांच्या कारखान्यात कटिंग सुपरवायझर आहे मी, मला कापड शिकवू नकोस. आवाज चढवला नव्हता. माझा आवाजच मोठा आहे.

६ मार्च, गुरुवार

तासाभराची सुटी काढून शाळेच्या पूलच्या जाळीशी उभा राहिलो. पाहणी. लेक काठावर बसलेली. हात केला. तिने टॉवेल डोक्यावरून ओढून घेतला. ऊन लागत असावं.

८ मार्च, शनिवार. दुपारी

खेळाच्या सामानाचं दुकान. मुलांच्या रांगेत चड्ड्याच चड्ड्या. लांब, नाडीच्या, तीन-तीन खिशांच्या. पाण्यात खिसे कशाला हवेत ते देव जाणे. मुलींच्या रांगेत तेच दीड वीत कापड, वर झालर. झालर!

दुकानदाराला विचारलं, लांब नाही का. म्हणाला, मुलींना असंच आवडतं. विचारलं, कुठल्या मुलींना. तेवढ्यात दुकानातली विक्रेती लेकीकडे बघून चारचौघांत म्हणाली, हिच्या मांड्या भरलेल्या आहेत, दोन साईझ मोठा लागेल.

मग मी बोललो. माझ्या मुलीच्या मांड्यांबद्दल बोलायचं काम नाही, असं स्पष्ट सांगितलं. दोनदा सांगितलं. सगळ्या गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं.

विजय. घरी येताना लेक माझ्या दहा पावलं पुढे, झपाझप चालत होती. अभिमानाने असावं.

९ मार्च, रविवार

दुसऱ्या दुकानातून मुलांची चड्डी आणली. एकटाच गेलो, कारण लेकीला अभ्यास होता. आत जाळीचं अस्तर. तिने खोलीत घालून पाहिली आणि दाराच्या फटीतून परत दिली. टोचते म्हणाली. कंबरेला ढगळ, मांडीला घट्ट. मुलींना कंबर असते हे या कारखानदारांना कोणी सांगितलेलं दिसत नाही.

बायको म्हणाली, तिला एकदा शांतपणे विचारा, तिला नेमकं काय हवंय. वेळ कुठे आहे? लढा सुरू झालाय.

संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सविस्तर मेसेज टाकला. शाळा, बाजार, समाज, सगळ्यांना फैलावर घेतलं. उदाहरण म्हणून लेकीचं नाव घालून सगळी हकिगत दिली, मांड्यांच्या प्रसंगासकट. पुरावा लागतो. तीन अंगठे आले. बाकीचे विचारात पडले असावेत.

११ मार्च, मंगळवार

लेक कालपासून माझ्याशी बोलत नाही. वर्गात कोणीतरी काही बोललं म्हणे. वयच तसं आहे.

निर्णय: चड्डी मीच शिवून घेणार. कारखान्यात उत्तम वॉटरप्रूफ नायलॉन पडून आहे. स्वतः कापलं. मशीनवरच्या मावशींना शिवायला दिलं. दुहेरी शिलाई, कंबरेला आणि गुडघ्याला दोरी. वादळातही हलणार नाही असं काम. मावशींनी विचारलं, पोरीचं माप घेतलंत का. म्हटलं, बाप आहे मी, नजरेत माप आहे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मावशींचं शिक्षण कमी आहे.

१३ मार्च, गुरुवार

लेक चड्डी घालायला तयार नव्हती. समजावलं. शेजाऱ्यांनी भिंतीवर टकटक केली, पण समजावलं.

मी जाळीशी होतोच. तिने पाण्यात उडी मारली. वॉटरप्रूफ कापडातून पाणी आत शिरत नाही तशी हवाही बाहेर जात नाही, हा मुद्दा माझ्या लक्षात होता, पण इतका नव्हता. चड्डी फुगली. टम्म. पोर कंबरेतून वर उचलली गेली आणि डोकं पाण्याखाली. सगळा वर्ग हसला. मी जाळीवरून ओरडून सूचना दिल्या, की गुडघ्याची दोरी सोड. पोहण्याच्या बाईंनी बांबू पुढे करून तिला काठाला ओढलं. ती खोकत होती.

मग बाईंच्या कुशीत तोंड खुपसून उभी राहिली. माझ्याकडे पाहिलं नाही.

पूलमध्ये क्लोरीन जास्त आहे. तक्रार करणार.

संध्याकाळी ती आईला म्हणाली, मी आता कधीच पोहणार नाही. मी दाराबाहेर होतो. आज जेवण गेलं नाही. अ‍ॅसिडिटी.

१७ मार्च, सोमवार

चार दिवस काही लिहिलं नाही. कामं होती.

मुख्याध्यापकांना पत्र तयार. चौदा मुद्दे. मुलींना लांब चड्डीची परवानगी मिळालीच पाहिजे, नाहीतर आंदोलन. आंदोलनात सध्या मी.

२० मार्च, गुरुवार

लेक आज शाळेत गेली, पिशवीत काय होतं ते दाखवलं नाही. अकराला पोहण्याच्या बाईंचा फोन, भेटायला या. पत्र खिशात घालून गेलो. हे लोक घाबरले, असं वाटलं.

बाईंनी बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी पहिला मुद्दा काढला. त्या म्हणाल्या, लांब शॉर्ट्सना शाळेची बंदी कधीच नव्हती, कोणी विचारलंच नव्हतं. सोमवारी मात्र सहा मुली मिळून आल्या, तुमची मुलगी पुढे. कागदावर चित्र काढून आणलं होतं. गुडघ्यापर्यंत, आत जाळी नको, गडद रंग, कंबरेला नाडी. मी लगेच हो म्हटलं. आज तिघी तशा शॉर्ट्स घालून आल्यात.

मी विचारलं, मग मला कशाला बोलावलं.

बाईंनी एक कागद पुढे सरकवला. म्हणाल्या, मुलींनी आणखी एक मागितलंय. पोहण्याच्या तासाला जाळीशी कोणी पालक उभे राहू नयेत.

म्हटलं, बरोबर आहे, असल्या बापांना चाप बसलाच पाहिजे, नावं द्या, मी बोलतो त्यांच्याशी.

बाई म्हणाल्या, जाळीशी फक्त तुम्हीच असता.

चौदा मुद्दे खिशातच राहिले. बाईंच्या त्या कागदावर सही करून आलो. पेन चालत नव्हतं. शाळेची पेनंसुद्धा.

२१ मार्च, शुक्रवार

बायकोला विचारलं, चित्राचं तुला माहीत होतं? म्हणाली, हो. मग मला का नाही सांगितलं? म्हणाली, तुम्ही बोलत होतात.

२७ मार्च, गुरुवार. संध्याकाळी

टेस्ट. गेलो नाही. कारखान्यात बसून ताडपत्रीचा एकच तुकडा तीनदा मोजला. मावशी म्हणाल्या, साहेब, चहा घ्या.

घरी आलो तेव्हा लेकीचे केस ओले. विचारलं, झालं का. म्हणाली, हो. थोड्या वेळाने स्वतःहून म्हणाली, पन्नास मीटर केलं. पंचवीसला थांबायचं होतं, पण मी वळले.

मी चपला काढल्या. गॅलरीत गेलो.

गॅलरीत दोरीवर तिची शॉर्ट्स वाळत होती. गडद निळी, साधी. शिवण पाहिली आणि हात ओळखला. मावशींचा. बायको म्हणाली, माप लेकीनेच दिलं, स्वतः घेऊन, कागदावर लिहून. मी फक्त पोचवलं.

आठवडाभर मावशी माझ्यासमोर बसून हे शिवत होत्या. रागवावं म्हणून चष्मा लावला आणि शिवण उजेडात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. दोनदा.

एक टाका चुकलेला नाही.