आठ स्क्रू

मंगळवार, १४ नोव्हेंबर

चि. धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतोय, पण जिभेला काही झालेलं नाही. "तो आपला फोन का उचलत नाही?" हे दिवसातून चारदा विचारते. मी म्हणते, कामात असेल. काम गेलेल्या माणसाला!

प्रयोगशाळेत तुझं टेबल अजून रिकामंच आहे. आपला फेज शिफ्टर मात्र पास झाला. लहर हवी तेवढी मागंपुढं सरकवायची आणि नको त्या लहरी तिथंच गाळायच्या, दोन्ही एकाच सर्किटमध्ये. साहेबांनी माझी पाठ थोपटली. येत्या सोमवारी चाळीस नग बचाव नौकांच्या अँटेनात बसणार.

काल मी एका नगाला झाकण लावलं. आठही स्क्रू आवळले आणि मापलं. झाकणानं गाळणी सरकली होती रे! बंदराच्या रडारची लहर सरळ आत. त्या गोंगाटात बुडणाऱ्याची हाक कुठली ऐकू येणार?

काल कळल्यासारखं लिहितेय, तेही खोटंच. मला एप्रिलपासून माहीत आहे. तू झाकण लावून मापलंस, आलेख माझ्यासमोर धरलास, आणि मी खेकसले, "तुला साधं मापायचं मशीन धड जुळवता येत नाही!" कारण अहवाल आधीच गेला होता. झाकण न लावता मापलेल्या नगाचा, माझ्या सहीचा. दर वेळी आठ स्क्रू कोण काढत-लावत बसणार, म्हणून.

तुझं माप अहवालाशी जुळेना म्हणून चौकशी बसली. साहेबांनी विचारलं तेव्हा तू आधी माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालास, "चूक माझीच. मशीन नीट जुळवलं नव्हतं." त्यावरच तुझं काम गेलं. मी समोरच बसले होते. तोंडातून ब्र काढला नाही. कसली रे मोठी बहीण मी! लाज वाटते, अन्न गोड लागत नाही.

तुझा तो आलेख मी फाडला नाही. आज साहेबांच्या टेबलावर ठेवणार आहे. आधी हे पत्र पेटीत टाकते, मग त्यांच्या खोलीत जाते. उलट केलं तर कच खाईन.

पत्र शुक्रवारपर्यंत पोचेल. तोवर तुला साहेबांचा फोन आला नाही, तर समज, मी पुन्हा गप्प बसले. मग तूच त्यांना सगळं सांग. हात जोडते, या वेळी मला वाचवू नकोस.

तुझ्या खोट्यावर सात महिने शाबासकी घेतलेली,
ताई