आठ तंबूंचं गाऱ्हाणं

बुधवार, ७ जानेवारी

आलो एकदाचा! ही वही गंधालीने बॅगेत कोंबली. म्हणाली, तिकडे रेंज नाही, निदान हिच्याशी तरी बोल. तर बोलतोय बाबा, बायकोचा हुकूम आहे.

मुलुंडच्या मागचा डोंगर. रिक्षा शेवटच्या पाड्यापर्यंत येते, पुढे वीस मिनिटं पायवाट, आणि मग झाडी संपून एकदम हे तळं. घाटकोपरला सगळा जन्म गेला, पण इतक्या जवळ असलं काही आहे असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आठ तंबू आहेत. सात खाकी, आणि एक निळा, पाण्याला अगदी चिकटून. पत्र्याचं स्वयंपाकघर, दोन संडास, शेकोटीची जागा. मी इथला मॅनेजर! मालाडच्या मॉलमधली नोकरी गेल्यावर सात महिने घरात पंख्याकडे बघत पडलो होतो, त्यापुढे हे म्हणजे झकासच. मालकाने एकच सांगितलंय, सीझनभर तंबू भरलेले दिसले पाहिजेत, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

स्वयंपाकाला पाड्यावरची शेवंतीबाई येते. पाच वाजले की निघते. बिबट्या अधूनमधून पाणी प्यायला येतो, पण माणसाला काही करत नाही, हे तिने मांजराबद्दल सांगावं तसं सांगितलं. तिच्या हातचं सुकटीचं कालवण खाल्लं आणि तिचे पाय धरावेसे वाटले.

फोनला रेंज एकाच जागी मिळते, निळ्या तंबूशेजारच्या काळ्या खडकावर. तिथून घरी व्हिडिओ कॉल लावला. ऋतूला, म्हणजे आमच्या ऋतिकाला, आठही तंबू दाखवले. सात वर्षांची कार्टी, लगेच ऑर्डर सोडली, पप्पा मला निळा पाहिजे. म्हटलं निळा तुझाच. सतराच्या शनिवारी दोघी येणार आहेत.

शनिवार, १० जानेवारी

पहिले पाहुणे! ठाण्याच्या कुठल्याशा ऑफिसची मंडळी, मोजून सोळा. पण फोन चालेना म्हणून संध्याकाळी सगळ्यांची तोंडं पडलेली. मालक म्हणाला होता, काहीतरी आपलं, मातीतलं दाखव. मला काय येतं? गाऱ्हाणं येतं. दर सुट्टीत गावी गेलो की देवळात बाबा गाऱ्हाणं घालायचे, ते ऐकतच मोठा झालो. एकाने देवापुढे मागणं मांडायचं, बाकीच्यांनी प्रत्येक ओळीला व्हय म्हाराजा म्हणायचं. बस्स.

ऊन उतरत होतं. फोन खडकावर टेकवून घरी कॉल लावला, ऋतूलाही मजा बघू दे म्हणून. हातात नारळ घेतला, तळ्याकडे तोंड केलं आणि बाबांच्या आवाजात सुरू झालो.

— ह्या तळ्याच्या राखणदारा म्हाराजा!
— व्हय म्हाराजा!
— ह्यातलो एकय तंबू कधी रिकामो ठेव नको रे म्हाराजा!
— व्हय म्हाराजा!
— त्येच्या बदल्यात माझ्या लेकराक तुझ्या पायावर आणून घालीन रे म्हाराजा!
— व्हय म्हाराजा!

शेवटची ओळ कुठून आली देव जाणे. बाबा असंच काहीतरी म्हणायचे. म्हणजे लेकराला पाया पडायला आणीन, एवढंच. त्या ओळीला सगळ्यात मोठ्याने व्हय कोण म्हणालं माहितीये? फोनमधून ऋतू! सगळे पोट धरून हसले. मग तळ्याच्या पलीकडून तेच परत आलं. प्रतिध्वनी. जरा उशिरा आला, इतकंच.

रविवार, ११ जानेवारी

पाहुणे खूश होऊन गेले. शेवंतीबाई मात्र भडकली. तिला नारळाची करवंटी दिसली. काय मागितलंस, विचारलं. सांगितलं. मग म्हणाली, आम्ही इथला मासा घेतो, लाकूड घेतो, पण ह्या पाण्याजवळ आजवर कुणी काही मागितलेलं नाही. मी म्हटलं, बाई, गंमत होती. ती म्हणाली, त्याला कुठे ठाऊक.

सोमवार, १२ जानेवारी

बुकिंग नाही. सगळे तंबू झाडून उघडे ठेवले, वारा लागावा म्हणून. दुपारी जेवून आलो तर पहिल्या तंबूची चेन बंद. खाली पाहिलं, आतून लावलेली. हाका मारल्या. शेवटी जोर लावून उघडली. आत कुणी नाही. गादी मात्र मधोमध दबलेली, आणि भिजून चिंब.

माकडं असणार. माकडं काय वाट्टेल ते करतात.

मंगळवार, १३ जानेवारी

आज पहिला आणि दुसरा. भर दुपारी, टळटळीत उन्हात. दुसऱ्याच्या दारापासून पाण्यापर्यंत ओल्या पावलांची रांग होती. पावलं पाण्यातून येताना दिसतात. परत जाताना नाहीत.

माणसाची पावलं. माकडाची नाहीत.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. घरी कॉल केला. ऋतू तिळगूळ खाऊन मजेत होती. गंधाली म्हणाली, पोरीचे केस रोज सकाळी ओले असतात, थंडीत एवढा घाम कसा येतो कोण जाणे. आणि झोपेत व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा करते, तुझंच खूळ सगळं, असं वर सुनावलं. मी हसलो. फोन ठेवल्यावर तिथेच खडकावर बसलो.

चार तंबू भरले.

शेवंतीबाईने दुपारी मला हाक मारली, जेवून घे म्हणाली. मी ओ द्यायच्या आत चारही तंबूंतून एकदम आलं. व्हय म्हाराजा. तिने हातातलं ताट तिथेच ठेवलं आणि निघाली. मलाही चल म्हणाली. वळून बघायला थांबली नाही.

गुरुवार, १५ जानेवारी

मीही जाणार होतो. बॅग भरली होती. निघण्याआधी बाबांना फोन केला, सगळं सांगितलं. बाबा म्हणजे गिरणीत तीस वर्षं काढलेला माणूस, कशाला घाबरताना बघितलेला नाही. ऐकून घेतलं. मग शिव्या घातल्या. आणि रडले. बाबा रडले.

म्हणाले, गाऱ्हाणं घालणारा एकटा कितीही बोंबलला तरी ते गाऱ्हाणं होत नाही. व्हय म्हणणारा लागतो, त्याच्या तोंडाने ते पक्कं होतं. आणि ते पक्कं केलंय तुझ्या पोरीने. मी म्हटलं, तिला घेऊन लांब जातो. म्हणाले, केस कुठे भिजतायत? घरीच ना, घाटकोपरला? मग लांब जाऊन काय करशील?

एकच उपाय, म्हणाले. त्याच जागी, त्याच पाण्यासमोर, बोल बदलायचा. बाबा गुडघ्यांनी अंथरुणाला खिळलेत, नाहीतर स्वतः आले असते.

बॅग रिकामी केली. सहा तंबू भरले.

शुक्रवार, १६ जानेवारी

गंधालीला बजावलं, उद्या येऊ नका. कारण विचारलं. काय सांगणार? ओरडलो तिच्यावर. पोरीने चार दिवसांपासून दप्तर भरून ठेवलंय, म्हणाली. मी म्हटलं जाळून टाक ते दप्तर. असं मी कधीच बोललो नव्हतो. तिने फोन ठेवला.

सात. सातही खाकी. आत कूस बदलल्याचा आवाज येतो. पाणी गळल्याचा येतो.

निळा उघडाच आहे. त्याची गादी कुणीतरी घातलीय. उशी छोटी आहे. आमच्याकडे छोट्या उशा नाहीत.

मी मघाशी उगाच पुटपुटलो, ऊन फार आहे आज. सात तंबूंतून— व्हय म्हाराजा.

शनिवार, १७ जानेवारी, सकाळ

निळ्यात येऊन, चेन लावून बसलोय. वही मांडीवर. तिची जागा मीच अडवली तर तंबू रिकामा राहणार नाही, मागितलं होतं तेवढं झालं. बोल बदलायचा. मोठ्याने म्हणतो आता—

म्हटलं. माझ्या लेकराक सोड, तिच्या जाग्यार माका घे रे म्हाराजा.

कुणी नाही बोललं. फालतू बोलण्याला ओ देतात, आणि आता सातही गप्प.

परत म्हटलं. तिसऱ्यांदा. घसा बसला.

व्हय म्हणायला कुणीतरी पाहिजे. कुणीतरी एक जिवंत माणूस—

दहा वाजलेत

पायवाटेवर आवाज.

गंधाली. नितेश, नितेश अशा मला हाका मारतेय. माझी काळजी वाटली म्हणून आली असणार. वेडी— सांगितलं होतं ना—

आणि ऋतू. पप्पा कुठेय, पप्पा कुठेय. पळतेय. चपलांचा आवाज. इकडेच.

तंबू हलायला लागले. सगळे.

वेळ नाही. ओरडून म्हणतो— माझ्या लेकराक सोड— तिच्या जाग्यार माका—

म्हटलं.

बाहेरून, अगदी चेनपाशी, हसत हसत. व्हय म्हाराजा! तिला वाटतंय पप्पा खेळतोय.

सुटली. सुटली माझी पोर. पक्कं झालं. तिच्याच तोंडाने. देवा—

गादी ओली होतेय. खालून.

गंधालीने चेन उघडली. आत बघतेय. माझ्या तोंडाकडे बघतेय. म्हणतेय, इथे कुणीच नाही गं.

गंधा, मी आहे. हा काय मी. आवाज निघत नाही. पेन चालतंय फक्त—

ती ऋतूचा हात धरून मागे वळली. जा. पळा. वर जा, पाड्यावर जा—

थांबल्या.

पलीकडून कुणीतरी गाऱ्हाणं घालतंय. तळ्यावरून. ऐकू येतंय मला. माझाच आवाज. माझा. ह्या तंबूंक अजून माणसां दी रे म्हाराजा, म्हणतोय—

ऋतू तिकडे बघतेय. पप्पा सापडला म्हणून हसतेय. तोंड उघडतेय—

बाळा नको. तो मी नाही. ऋतू, व्हय म्हणू नको, काही झालं तरी व्हय म्हणू न—