मृत्युपत्रावरचा उंदीर

प्रिय बटण्या,

पत्र बघून दचकू नकोस. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या भावाला कोणी पत्र लिहितं का, असं मलाही वाटलं. पण फोन तू उचलत नाहीस, आणि दारात आले तर तुझी बायको म्हणते, ते झोपलेत. सकाळी अकराला धडधाकट माणूस कसा झोपतो ते मला कळत नाही. म्हणून लिहायला बसले. अक्षराला हसायचं नाही. चौथीत शाळा सुटली तेव्हा जसं होतं तसंच आहे, वापरलंच नाही तर सुधारणार कुठून.

मुद्द्याचं सांगायच्या आधी एक बोलून घेते, नाहीतर डोक्यात तेच घोळत राहील. मंगळवारी तू औषधवाल्याच्या दुकानासमोर उभा होतास. कपडे कुठे टाकतोस रे हल्ली? कॉलरला एवढी खळ होती की मान वळवायला तुला अख्खं अंग वळवावं लागत होतं. आणि एका बाहीवर दोन घड्या. म्हणजे इस्त्री करणाऱ्याची पहिली घडी चुकली आणि ती मोडायचा त्याने आळस केला. बाबांनी पाहिलं असतं तर तुला तिथेच रस्त्यात शर्ट काढायला लावला असता. भांडण आहे ते आहे, पण कपडे तरी आणून टाक. तुझ्यावरचा राग मी शर्टावर काढणार नाही.

आता मुद्दा. माझं डोकं पार भंजाळलंय. गेले चार दिवस मी हॉटेलच्या चादरी दवाखान्याच्या कपाटात ठेवतेय आणि दवाखान्याच्या हॉटेलच्या. एकदा तर निळीत पाणी घालायच्या ऐवजी पाण्याच्या बाटलीतच नीळ घातली आणि तोंडाला लावली. जीभ दुपारपर्यंत निळी होती. गिऱ्हाईक विचारत होती, काय खाल्लंत? काय सांगू, भावाचं डोकं?

बाबा गेले तेव्हा आपण दोघं नीट होतो. तू म्हणालास, लॉन्ड्री विकून टाकू, हल्ली घरोघरी मशीन आहेत. मी म्हणाले, लॉन्ड्री माझी आहे, विकणारा तू कोण? तू म्हणालास, 'कुठल्या कागदावर तुझी आहे?' बस, तेवढंच. कागद माझ्याकडे नव्हता. माझ्याकडे पस्तीस वर्षं उभं राहून सुजलेले पाय होते, ते कुठे दाखवतात? मग तुझ्या वकिलाची नोटीस आली. ती मी तीन दिवस बोट ठेवून वाचली. त्यात तू मला 'सदर इसम' म्हटलं होतंस. लहानपणी कोटाचं बटण गिळलंस तेव्हा पाठीत धपाटे घालून तुला उलटं धरणारी मीच होते, ही सदर इसम. बटण काही आलं नाही. कोटवाला आठवडाभर फेऱ्या मारत होता, आणि तुझं नाव मात्र कायमचं पडलं.

गेल्या महिन्यात तुला माझ्या वकीलबाईंकडून बाबांच्या मृत्युपत्राची प्रत आली असेल. ते मला कुठे सापडलं, हे त्यात लिहिलेलं नसणार. आपल्याकडे मागच्या खोलीत वरच्या फळीवर न नेलेल्या कपड्यांची गाठोडी असतात. माणसं कपडे टाकतात आणि विसरतात, कोणी गाव सोडतं, कोणी मरतं. बाबा एकही गाठोडं फेकू द्यायचे नाहीत. मी फळी झाडायला वर चढले, तर एका गाठोड्याच्या चिठ्ठीवर बाबांची फुली. गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी त्यांनी स्वतःचंच नाव घातलं होतं. आत त्यांचा तपकिरी कोट, धुऊन इस्त्री केलेला, आणि आतल्या खिशात तो कागद. मृत्युपत्र ठेवायला माणसाला दुसरी जागा मिळाली नाही. बँक आहे, कपाट आहे, मी आहे. पण नाही.

कागद छापील होता, मधल्या जागा बाबांनी भरलेल्या. लॉन्ड्री मुलीला. घर, तू राहतोस तेच, आणि बाकी जे काही असेल ते सगळं मुलाला. मी तिथेच शिडीवर बसले आणि मोठ्याने हसले. खोटं कशाला सांगू, पहिला विचार हाच आला की आता जाते आणि हा कागद बटण्याच्या नाकासमोर धरते. विचारत होतास ना, कुठल्या कागदावर.

वकीलबाई वयाने लहान आहे, पण पोरीला मान दिला पाहिजे अशी आहे. कागद नीट वाचला, उलटा करून पाहिला, मग खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. वर साक्षीदार असं छापलेलं, खाली दोन ओळी. एका ओळीवर औषधवाल्याची सही. दुसऱ्या ओळीवर एक गोल आणि त्याला शेपूट. तिने विचारलं, हा उंदीर कुणाचा?

तो उंदीर माझा, बटण्या. तुला आठवतच असेल, तूच काढून दिला होतास. गाठोडं मोजून झालं की मोजणाऱ्याने चिठ्ठीच्या तळाशी आपली खूण करायची, ही आपल्या दुकानाची रीत. बाबांची फुली होती. मी शाळा सोडून काउंटरवर बसले तेव्हा मला खूण नव्हती. तू सहा वर्षांचा होतास, टेबलाखाली बसून शाईची बाटली सांडत होतास. म्हणालास, ताईचा उंदीर, कारण ताई दिवसभर गाठोड्यात तोंड खुपसून असते. तेव्हापासून किती हजार चिठ्ठ्यांवर तो उंदीर मी काढला असेन. गोल, शेपूट. हात आपोआप करतो. डोळे दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडे असतात.

वकीलबाईंनी मग कायदा सांगितला. तीनदा सांगितला, कारण दोनदा मला वाटलं ती गंमत करतेय. मृत्युपत्रावर जो साक्षीदार असतो, त्याला त्या मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. म्हणजे मला जे बाबांनी दिलं ते माझ्याच खुणेमुळे गेलं. गेलं ते कुठे जातं? 'बाकी जे काही असेल ते'. म्हणजे तुझ्याकडे. घर तुझं, लॉन्ड्रीही तुझी. मी खूण केली नसती तर एकच साक्षीदार राहिला असता आणि कागद फुकट गेला असता. केली म्हणून मी फुकट गेले. हा कायदा ज्याने केला त्याला बहीण नसावी, असं मी म्हणाले. वकीलबाई म्हणाली, उलट बहीण असेल म्हणूनच केला असेल, सह्या करून सगळं लाटणारी.

पण तिने एक वाटही दाखवली. साक्षीदाराने बाबांची सही होताना डोळ्यांनी पाहिलेली असावी लागते. मी पाहिलीच नसेल, पाठ फिरवून कामात असेन आणि नंतर सवयीने उंदीर काढला असेल, तर मी साक्षीदार नाही. मग मृत्युपत्रच उरत नाही. मग सगळ्याचे दोन भाग, घराचाही अर्धा माझा, लॉन्ड्रीचाही अर्धा माझा. तिने औषधवाल्यालाही विचारून घेतलं. तो म्हणाला, बाबांनी सही केली, मी केली, ताई तिथेच होती, पण ती कुठे बघत होती ते मी काय सांगणार, मी माझा चष्मा शोधत होतो. चष्मा त्याच्या कपाळावर असणार, तुला सांगते.

वकीलबाईंनी मला विचारलं, तुम्ही पाहिलंत का? मी म्हणाले, नक्की आठवत नाही. तिने एवढंच म्हटलं, आठवून बघा. मग तिने एक कागद टाइप करून दिला, गुरुवारी कोर्टात द्यायचा. त्यात लिहिलंय की मी त्या वेळी इस्त्रीच्या टेबलाकडे तोंड करून उभी होते आणि मी सही होताना पाहिलेली नाही. खाली माझी सही करायची. चार दिवस तो कागद काउंटरच्या खणात आहे.

मला कळत नाही बाबांना काय हवं होतं. त्यांना हा कायदा माहीत होता का? माहीत असता तर त्यांनी मला खूण करू दिली असती का? की त्यांना वाटत होतं लॉन्ड्री तुलाच जावी, आणि माझ्या तोंडावर तसं म्हणवत नव्हतं? मग लिहिलं कशाला माझं नाव? रोज सकाळी एक पक्कं ठरवते, दुपारी ते उलटं होतं. कधी बाबांचा राग येतो, कधी तुझा, कधी त्या उंदराचा. औषधवाला म्हणत होता, तू मुलांच्या खोल्यांना रंग दिलास, एकीला पिवळा. ते ऐकूनही राग आला. मग वाटलं, अर्धं घर माझं झालं तर मी कुठला अर्धा घेणार, पिवळा?

तू विसरला नसशील, पण मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. माझी शाळा सुटली कारण आई गेल्यावर काउंटरला कोणीतरी हवं होतं आणि तू फार लहान होतास. पुढे तू मोठा झालास तरी तुझी शाळा सोडवायची नाही असं बाबांनी आणि मी ठरवलं. तुला कोणी विचारलंच नाही, तेव्हा तुझी चूक नाही. पण बाबा ते विसरले नव्हते. मृत्युपत्रात लॉन्ड्री माझ्या नावावर का घातली ते मला शिडीवरच कळलं होतं. म्हणून तर हसले.

त्या दिवशी काय झालं ते आता लिहिते. तीन वर्षं झाली. हॉटेलकडून बेचाळीस टेबलक्लॉथ आले होते, सगळे पांढरे, संध्याकाळच्या आत परत हवे होते. बॉयलर कुरकुरत होता. बाबांनी औषधवाल्याला बोलावलं आणि घड्या घालायच्या टेबलावर माझ्या बाजूला कागद पसरला. कशाचा कागद ते मी विचारलंही नाही, मी एकोणतिसाव्या टेबलक्लॉथवर होते. बाबांनी कपड्यांवर नंबर घालायचं आपलं जाड पेन घेतलं, ज्याची शाई धुऊनही जात नाही. औषधवाल्याने आपल्या खिशातलं पेन काढलं. मग बाबांनी कागद माझ्याकडे सरकवला. खालची एक ओळ रिकामी होती, आणि रिकामी ओळ असलेली चिठ्ठी बाबांच्या हातून कधी टेबलावरून उठली नाही. म्हणाले, 'मी मोजलंय. घे, तुझी खूण कर.' मी केली. तिसावा टेबलक्लॉथ उचलला.

बटण्या, मी पाहिलं होतं. बाबा सही करत होते तेव्हा मी त्यांच्या हाताकडेच बघत होते, कारण ते जाड पेन पांढऱ्या टेबलक्लॉथला खेटूनच होतं. शेवटच्या अक्षरावर ते अडकलं. शाईचा मोठा ठिपका पडला. मी ओरडले, बाबा, टेबलक्लॉथ सांभाळा. त्यांनी कागद उचलून फुंकर मारली. तो ठिपका सहीच्या शेवटी अजून आहे, प्रतीत काळा डाग दिसतोय तोच. वकीलबाईंना मी नक्की आठवत नाही म्हणाले ते खोटं होतं. तिने टाइप केलेला कागद आज दुपारी मी पुन्हा बोट ठेवून वाचला. बाकी सगळं बरोबर आहे, तारीख, दुकान, औषधवाला. एकच गोष्ट कमी आहे. आणि गाठोड्यात एक कपडा जरी कमी असला तरी मी आजवर उंदीर काढलेला नाही, हे तुला कोणीही सांगेल. उद्या तो कागद सही न करता परत देणार आहे, आणि गुरुवारी विचारतील तेव्हा पाहिलं म्हणून सांगणार आहे. म्हणजे लॉन्ड्री तुझी. विकायची तर वीक, मी सदर इसम आडवी येणार नाही. बॉयलरचा डावा नळ अर्धाच उघडायचा, पूर्ण उघडला की शिट्टी मारतो. दवाखान्याच्या चादरी सोमवारी सकाळी येतात. पत्र लिहिलं ते एवढं विचारायला, कारण आता मालकाला विचारल्याशिवाय मला करता येणार नाही: सोमवारी दुकान उघडू का?

तुझीच, अजून काउंटरच्या आतल्या बाजूला असलेली,
ताई