बॉडी नव्या चासीवरून उतरवू नये याबाबत

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
बदल केलेली वाहने विभाग,
वाहन नोंदणी व तपासणी कार्यालय, दुसरा मजला.

विषय : जुनी बॉडी व नवी चासी मिळून झालेले वाहन वेगळे न करणे, आणि ते स्वतः चालवून दाखवण्यासाठी मुदतवाढ मिळणे.

संदर्भ : १) माझ्या दारावर चिकटवलेली आपल्या कार्यालयाची नोटीस.
२) वाहन निरीक्षकांचा अहवाल व त्याखालील शेरा.

महोदय किंवा महोदया,

(आपल्या दारावरील पाटीवर फक्त हुद्दा आहे आणि आत डोकावण्याचे धाडस मला झाले नाही, म्हणून दोन्ही लिहिले आहे. जे लागू नसेल ते कृपया खोडावे.)

मी एका छापखान्यातून मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झालेला इसम आहे. दुसऱ्यांच्या मजकुरातील चुका काढण्यात माझे आयुष्य गेले. त्यामुळे स्वतः काही लिहायला बसलो की प्रत्येक वाक्य चुकीचे वाटते. खालील मजकुरात काही कमी-जास्त झाले असल्यास ते माझ्या स्वभावामुळे समजावे. वाहनाचा त्यात दोष नाही.

१. सदर मोटार माझ्या पत्नीची. ती घरोघर जाऊन बाळंतपणे करणारी परिचारिका होती आणि ही मोटार तिने लग्नाआधीच घेतली होती. गोल दिवे, फुगीर मडगार्ड, फिकट निळा रंग. अडलेल्या बाईला घेऊन दवाखान्यात वेळेवर पोहोचता न आल्याने काही मंडळी या मोटारीच्या मागच्या आसनावरच जन्मली. मी चालकाशेजारी बसत असे व वाचत असे. आमच्या संसारात कोणी काय करायचे हे कधी बोलून ठरले नाही. ती चालवायची, मी बसायचो.

२. पुढे मोटारीची चासी, म्हणजे जिच्यावर सगळा डोलारा उभा असतो ती खालची चौकट, गंजली. तळाचा पत्रा इतका कुजला की पायाशी रस्ता दिसू लागला. पत्नीचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे मेव्हणे, गाड्यांची बॉडी दुरुस्त करणारे गॅरेज चालवतात. त्यांनी मोटारीखाली शिरून पाहिले आणि झोपल्या झोपल्याच निकाल दिला, "ताई, वरून नवरी आहे, पण खाली काही राम उरला नाही." एका नव्या, वेगवान गाडीची चासी त्यांच्या पाहण्यात होती. त्या गाडीचा अपघातात वरून चेंदामेंदा झाला होता, मात्र चासी व इंजिन शाबूत होते. इतके जोरदार इंजिन आपल्याला कशाला, असे मी म्हणालो. पत्नी म्हणाली, "पाय लावायचेच आहेत, तर पळणारे लाव. एकदा तरी चढावर ट्रकला मागे टाकायचंय मला. मग मेले तरी चालेल." या दोहोंपैकी दुसरी गोष्ट आधी झाली. त्या वेळी मोटार गॅरेजमध्ये अर्धवट होती. वारस म्हणून ती माझ्या नावे झाली आहे.

३. आपल्या नोटिशीत म्हटले आहे की वाहनाची ओळख चासीवरून ठरते, आणि जुनी चासी भंगारात गेल्यामुळे जुन्या मोटारीची नोंद रद्द झाली आहे. हे मला मान्य आहे. नव्या चासीची गाडी आपल्या दप्तरी 'अपघातात नष्ट' अशी आहे. हेही मान्य आहे. म्हणजे जी दोन वाहने आता अस्तित्वात नाहीत, त्यांचे मिळून झालेले एक वाहन माझ्या गल्लीत उभे आहे. चुकीच्या जागी उभे केल्याबद्दल त्याला दंडही झाला आहे, म्हणजे निदान एका खात्याच्या मते ते आहे. मी नियमपुस्तक आपल्या कार्यालयाच्या बाकावर बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचले. त्यानुसार अशा वाहनाची नव्याने नोंद होऊ शकते, पण त्याला तपासणीत उत्तीर्ण व्हावे लागते. तसे न झाल्यास बॉडी चासीवरून उतरवून यंत्रात दाबली जाते. माझी समजूत चुकीची असल्यास कळवावे.

४. आता आसनाविषयी लिहितो, कारण सगळी अडचण तिथे आहे.

नवी चासी रुंद, जुनी बॉडी अरुंद. मेव्हण्यांच्या भाषेत, हत्तीला सशाचा सदरा शिवायचा होता. बॉडी साखळीने वर टांगलेली असायची आणि ते तिच्याखाली चासी पुढेमागे सरकवत, माप घेत, कापत, पुन्हा सरकवत. चासीचा तळ उंच आणि बॉडीचे छप्पर बुटके, त्यामुळे आसन पुढेमागे करण्याच्या पट्ट्यांना जागाच उरली नाही. आसन सरळ तळाला वेल्ड करायचे आणि स्टिअरिंगचा दांडा व पेडल त्याला धरून बसवायची, एवढाच मार्ग होता. अशा वेळी जो चालवणार त्याला आत बसवून त्याच्या अंगावर माप घेतात, शिंपी घेतो तसे.

मेव्हण्यांनी मला बसवले. "बसा भाऊजी. चपला काढू नका, गाडी आहे, गादी नाही."

मला मोटार चालवता येत नाही. हे त्याच वेळी बोलायला हवे होते. मेव्हण्यांना ते ठाऊक नसेल असे नव्हे, पण बहीण गेल्यापासून तेही अनेक गोष्टी विसरत. चुलीवर ठेवलेला चहा विसरत, गिऱ्हाईकाचे नाव विसरत. हेही विसरले असतील असे मी धरून चाललो. ते माझ्या गुडघ्याशी वाकून खडूने खुणा करत होते. म्हणायचे, "उजवा पाय जरा पुढे. हां. आता हलू नका." इतक्या मन लावून काम करणाऱ्याला मध्येच काय सांगायचे? शिवाय त्या दिवसांत मला कशाचेच फारसे काही वाटत नसे. घरी कुठल्या खोलीत उभे राहावे ते समजत नसे. तिथे पाय कुठे ठेवायचे हे निदान कोणीतरी सांगत होते. म्हणून मी रोज दुपारी जाऊन बसत राहिलो, आणि ते माझ्या मापाने वेल्डिंग करत राहिले.

५. तपासणीच्या दिवशी वाहन टोइंगच्या गाडीवर चढवून आपल्या मैदानावर आणले. वाहन निरीक्षक अतिशय सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी दिवे, ब्रेक, जोड सगळे ठोकून पाहिले व काही खोट काढली नाही. मग चालवून दाखवा म्हणाले. मेव्हणे पुढे झाले. ते अंगाने भरलेले आहेत. कसेबसे आत शिरले, पण पोट स्टिअरिंगला अडले. "साहेब, पोट आत घेतलं तर श्वास राहत नाही, आणि श्वास घेतला तर गाडी वळत नाही," असे त्यांनी आतूनच निवेदन केले. त्यानंतर आपल्या कार्यालयाचे चालक बसले. त्यांचे पाय पेडलपर्यंत पोहोचेनात. पाठीशी उशी दिली तर पाय पोहोचले, पण छाती स्टिअरिंगला टेकली. तेव्हा निरीक्षक माझ्याकडे वळले.

मी बसलो. पाय पेडलवर, हात स्टिअरिंगवर, डोळे काचेच्या बरोबर मध्यावर. शेजारच्या रांगेतले एक टेम्पोवाले पाहत उभे होते. ते म्हणाले, "आयला, आजोबांच्या अंगावरच शिवलीय गाडी!" निरीक्षक हसून म्हणाले, "चला आजोबा, मारा एक फेरी."

मी चावीकडे पाहत बसलो. सगळे वाट पाहत होते. मग मी खिडकीची काच खाली केली आणि मला येत नाही असे सांगितले. निरीक्षकांना ऐकू गेले नाही, म्हणून पुन्हा सांगावे लागले.

त्यांनी शेरा लिहिला तो असा : "वाहन अर्जदाराच्याच मापाचे असल्याने अर्जदाराने स्वतः चालवून दाखवावे. तोवर वाहनात कोणतेही कापकाम करू नये." हा शेरा योग्यच आहे. मात्र त्यामुळे आसन बदलण्याचा मार्ग बंद झाला आणि दुसऱ्या कोणी चालवण्याचाही. नोटिशीत दिलेली मुदत या महिनाअखेरीस संपते.

६. या परिच्छेदाचा नियमांशी संबंध नाही. तो लिहावा की गाळावा हे मला ठरवता आलेले नाही, म्हणून राहू दिला आहे.

परतताना टोइंगच्या गाडीत मी मेव्हण्यांची क्षमा मागितली. आपण गप्प बसलो, त्यामुळे तुमची मेहनत वाया गेली, असे म्हणालो. त्यांनी खिडकीची काच वर केली. मग म्हणाले, "भाऊजी, तुम्हाला येत नाही हे गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत आहे. ताईनेच सांगितलं होतं. दवाखान्यात. म्हणाली, माझं काही आता त्यात बसणं होत नाही, सीट यांच्या मापाची कर. मी म्हटलं, ताई, त्यांना कुठे येतं? तर म्हणाली, तुला काय करायचंय, तू वेल्डिंग कर."

हे मला आधी का सांगितले नाही, असे मी विचारले.

"तुम्ही मुकाट्याने येऊन बसलात. मला वाटलं, तुमचं दोघांचं ठरलंय."

आमचे काही ठरलेले नव्हते. हे ऐकून मला काय वाटले ते लिहिण्यासाठी मी दोन वेळा कच्चा खर्डा केला. नेमके शब्द मिळाले नाहीत आणि अर्जात ते लागतही नसावेत. त्या संध्याकाळी मी जेवलो, भांडी घासली व दिवा मालवला. दुसऱ्या दिवशी मोटार शिकवणाऱ्या शाळेत जाऊन नाव घातले.

७. प्रगतीबाबत. आधी मी ग्रंथालयातून मोटार चालवण्यावरची पुस्तके आणून वाचली. शाळेतील प्रशिक्षक बाईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "वाचून कोणी पोहायला शिकलंय का? बसा." शिकाऊ परवाना मिळाला आहे, लेखी परीक्षेत एकही चूक नाही. प्रत्यक्ष चालवण्यात मात्र परिस्थिती निराळी आहे. गाडी बंद पडली की माझ्या तोंडून "माफ करा" निघते. त्यावर बाई म्हणतात, "आजोबा, तिची माफी मागू नका, चावी फिरवा." गिअर बदलताना मी खाली पाहतो, तेव्हा म्हणतात, "समोर बघा. गिअर कुठे पळून जात नाही." सरळ रस्त्यावर आता मी जाऊ शकतो. वळताना मी थांबतो. थांबल्यावर मागच्या गाड्या भोंगे वाजवतात, आणि भोंगे वाजले की पुढचे सगळे विसरतो. बाईंच्या मते मला येईल, पण महिनाअखेरीपर्यंत नाही. "तुम्हाला भीती वाटते हे चांगलं आहे. पण तुम्हाला भीती वाटते हेसुद्धा तुम्हाला नीट कळत नाही, तिथे वेळ जाणार," असे त्या म्हणाल्या. त्यांचे बरोबर असावे.

सरावाची गाडी लहान व मवाळ आहे. सदर वाहनाचे इंजिन मेव्हण्यांनी एकदा जागच्या जागी सुरू करून दाखवले, तेव्हा शेजारच्या घरातील खिडकीची तावदाने थरथरली. ते वाहन मी चालवू शकेन याची मला खात्री नाही. ही गोष्ट आपल्यापासून लपवणे योग्य होणार नाही.

सबब विनंती की,

(अ) पक्का परवाना मिळेपर्यंत, किंवा प्रशिक्षक बाई मी कधीच शिकणार नाही असे लेखी देईपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोवर मुदत वाढवून मिळावी.

(आ) तोपर्यंत बॉडी चासीवरून उतरवू नये. ती आता नुसती वर ठेवलेली नाही, सर्व बाजूंनी जोडलेली आहे. उतरवायची म्हणजे कापावीच लागेल. मेव्हण्यांनी त्याला नकार दिला आहे. "कापायची तर दुसरा माणूस बघा, आणि मला त्या दिवशी बोलवू नका," असे ते म्हणाले.

वरील विनंती मान्य करणे आपल्या अधिकारात बसत नसल्यास माझी तक्रार नाही. आपणही नियमांनी बांधलेले किंवा बांधलेल्या आहात. तसे झाल्यास ठरलेल्या दिवशी मी वाहनासह मैदानावर हजर राहीन. यंत्र येईल तेव्हा मी चालकाच्या आसनावर बसलेला असेन. मी आरडाओरडा करणार नाही, कोणाशी हुज्जतही घालणार नाही; मला ते जमत नाही. फक्त उतरणार नाही. बसलेल्या माणसाला उतरवण्याचे काम वाहन निरीक्षकांचे, यंत्रचालकांचे की आणखी कोणाचे, हे नियमपुस्तकात मला सापडले नाही. संबंधितांची ऐन वेळी गैरसोय होऊ नये म्हणून ते आधी ठरवून ठेवावे. याला कृपया धमकी समजू नये. ही केवळ आगाऊ सूचना आहे.

आपला नम्र व सध्या शिकाऊ,

(सही)
अर्जदार
पत्ता : नोटीस चिकटवली तोच.
दिनांक : १२, चालू महिना.

सोबत :
१) नोटिशीची प्रत (दारावरून काढताना कोपरा फाटला, क्षमस्व).
२) निरीक्षकांच्या शेऱ्याची प्रत.
३) शिकाऊ परवान्याची प्रत.
४) प्रशिक्षक बाईंचे पत्र. त्यात "वळणे बाकी" एवढेच लिहिले आहे, पण सही-शिक्क्यानिशी आहे.