शरद लागतानाचं वजन

यीछुन, हैलुंगच्यांग
२८ जुलै १९८६

ती. तानफंग वहिनींस,
रुईफांगचा सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेली सुकवलेल्या मोहरीच्या पाल्याची पिशवी पोचली. फोडल्याबरोबर सगळ्या मजल्यावर वास गेला आणि शेजारणी एकेक करून वाटी घेऊन आल्या. आमच्या श्यूतोंगने पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं होतं, आता रोज मागतो. दक्षिणेची बायको केली की जीभही हळूहळू दक्षिणेला वळते, असं मी त्याला म्हटलं.

इथे सकाळी आतापासूनच स्वेटर लागतो. बर्चचं एखादं पान पिवळं दिसू लागलंय. तिकडे तुम्ही एका भाताची कापणी आणि दुसऱ्याची लावणी एकदमच उरकत असाल. शरद लागायच्या आत रोप चिखलात गेलं पाहिजे, त्यामुळे कुणाला मान वर करायला सवड नसेल. मी मात्र सहाव्या महिन्याचं पोट घेऊन शाळेच्या सुट्टीत बसून आहे. बाळ लाथा झाडण्यात मामावर गेलंय, हे दादाला सांगा.

आता मुद्द्याचं. जानेवारीत आई गेली, तेव्हापासून मे महिन्यापर्यंत मी तिकडे राहिले ती बाबांसाठी, हे तुम्हाला ठाऊक आहे; श्यूतोंगच फेब्रुवारीत नववर्षाला तिकडे येऊन गेला. उन्हाळा लागला त्या दिवशी रिवाजाप्रमाणे सारं गाव वजनासाठी काट्याला लटकलं, तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की बाबा गेल्या वर्षीच्या एकशे एकोणीस जिनांच्या खाली उतरले तर मी उत्तरेला परत जाणार नाही, नोकरी गेली तरी बेहत्तर. ते एकशे एकवीस भरले, म्हणून मी गाडीत बसले. येत्या आठ तारखेला शरद लागतोय, पुन्हा वजनं होतील. मला बाबांचा खरा आकडा हवा. दादा लपवील. तुम्ही लपवू नका. आईचं दुखणं असंच उघडकीला आलं होतं, शरदाच्या काट्यावर नऊ जिन, म्हणजे साडेचार किलो कमी. आपण सगळे उन्हाळ्याला नावं ठेवत राहिलो आणि तेवढ्यात वेळ निघून गेली.

श्याओमानला गोड पापा. माझ्यावरचा तुमचा राग-लोभ दोन्ही चालू ठेवा.

तुमची,
रुईफांग

---

शांगयान, चच्यांग
९ ऑगस्ट १९८६

प्रिय वन्सं,
तानफंगचा सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र बरोबर शरद लागला त्याच दिवशी मिळालं. शरद लागल्याचं उन्हाला मात्र अजून कुणी कळवलेलं दिसत नाही. अंगणातले दगड असे तापतात की कोंबड्यासुद्धा एक पाय वर धरून चालतात. लावणी आदल्या दिवशी संध्याकाळी संपली. तुमच्या दादांची पाठ सोललेल्या बटाट्यासारखी झालीय, त्यामुळे पालथे झोपतात आणि घोरणं जमिनीत जातं. तेवढाच मला फायदा.

काल रिवाजाप्रमाणे कलिंगड फोडलं आणि उन्हाळ्यात उतरलेली चरबी परत चिकटावी म्हणून मोहरीच्या पाल्यात डुकराचं मांस शिजवलं. मीठ जरा पुढे गेलं, पण कुणी भांड्यात काही ठेवलं नाही.

मग वजनं. मामंजींनी स्वतः केलेला तो दांडीचा मोठा काटा सभागृहाच्या तुळईला टांगला होता. मी सहा जिन उतरले. तुमचे दादा आठ. त्याचं काही नाही, लावणीने कोण उतरत नाही? आमची श्याओमान दोन जिन वाढली आणि पाच वर्षांची पोर पुढाऱ्यासारखी गावभर हिंडली. मामंजी शेतावरून आले ते उघडेबंब, चड्डीवर. त्यांना काट्याकडे यायचंच नव्हतं, पण नातीने हात धरून ओढत आणलं आणि काट्याला टांगलेल्या चौरंगावर बसवलं.

वन्सं, तुम्ही लपवू नका म्हणालात म्हणून लिहिते. हे नको म्हणत होते. मामंजी एकशे दहा भरले. मी तीनदा वजन करायला लावलं, तिन्ही वेळा एकशे दहा. तीन महिन्यांत अकरा जिन. सासूबाईंचं सगळ्यांना आठवत होतं. मामंजी उतरले आणि विहिरीवर पाय धुवायला गेले.

मी त्यांना विचारलं की कुठे दुखतंखुपतं का, रात्री घाम येतो का. ते म्हणाले, उन्हाळ्यात घाम येणारच. खाणंपिणं तर चांगलं आहे. मला काही कळेनासं झालंय. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका असं लिहिणार होते, पण मीच लावून घेतलंय.

तुमच्या पत्राच्या वाटेवर डोळे लावून बसलेली,
तानफंग

---

यीछुन
१९ ऑगस्ट १९८६

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तुम्ही खरं लिहिलंत, हे उपकार मी विसरणार नाही. अकरा जिन म्हणजे इथल्या दवाखान्याच्या काट्यावर साडेपाच किलो. मी तिथल्या डॉक्टरीण बाईंना विचारलं की साठीच्या माणसाचं वजन चांगलं जेवूनही इतकं का उतरावं. त्यांनी उत्तर द्यायच्या आधी माझ्याच पोटाकडे पाहिलं आणि मला बसायला सांगितलं. त्यावरून मी काय ते समजले.

मी येते आहे. चौदा सप्टेंबरचं तिकीट काढलंय. चार दिवस, चार रात्री, मधे दोनदा गाडी बदलायची. श्यूतोंग तीन दिवस माझ्याशी बोलत नाही. बोलतो तेव्हा एवढंच, की सातव्या-आठव्या महिन्यात कुणी असा प्रवास करतं का. डॉक्टरीण बाईही तेच म्हणतात. त्यांचं बरोबर आहे. पण आईच्या वेळी मी उशिरा पोचले, हे मला या घरात दुसऱ्यांदा नको.

तोवर बाबांना जिल्ह्याच्या दवाखान्यात नेऊन छातीचा फोटो आणि रक्त तपासून घ्या. ते नाही म्हणतील. श्याओमानला पुढे करा, ती ओढत नेईल.

काळजीने अर्धी झालेली,
रुईफांग

---

शांगयान
३० ऑगस्ट १९८६

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र यायच्या आधीच दवाखाना झाला. छातीचा फोटो स्वच्छ, रक्त स्वच्छ, पोट दाबून पाहिलं तर मऊ. डॉक्टर तरुण आहे, पण भला आहे. म्हणाला की एकशे दहा जिनांचा इतका टणक म्हातारा त्याने या वर्षात पाहिला नाही. पण मेमध्ये एकशे एकवीस होते असं सांगितल्यावर त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, अकरा जिन गेले कुठे ते कळल्याशिवाय मी कागदावर सही करत नाही, यांना हांगचौला मोठ्या दवाखान्यात न्या, नळी घालून आतून पाहतील. मामंजी हे सगळं भिंतीकडे बघत ऐकत होते. हुशार पोर अभ्यास न करता वर्गात सापडावं तसं तोंड झालं होतं त्यांचं.

येताना बसमध्ये हे रडले. छ्यू पोलिन रडतो हे मी लग्नाला आठ वर्षं होऊन पहिल्यांदा पाहिलं.

काल तुमचं पत्र आलं ते मी जेवताना मोठ्याने वाचलं. मामंजींचा दुसरा वाडगा अर्ध्यावर होता. तुमच्या तिकिटाचं वाक्य त्यांनी मला परत वाचायला लावलं, मग आणखी एकदा. मग विचारलं की पोटुशी बाई चार दिवस बाकावर बसून आली तर काय होतं. मी म्हटलं, काहीही होऊ शकतं. त्यांनी वाडगा खाली ठेवला, कागद मागितला आणि भर दुपारी दार लावून बसले. ज्या माणसाने जन्मात पत्र लिहिलं नाही, तो संध्याकाळपर्यंत लिहीत होता. सोबत पाकीट आहे. खळ लावून चिकटवलेलं आहे आणि मी उघडलेलं नाही, हे माझ्या स्वभावाकडे पाहता विशेष समजा.

वन्सं, मला फार भीती वाटते. काय लिहिलंय ते लवकर कळवा.

तुमचीच,
तानफंग

---

शांगयान
२९ ऑगस्ट

चि. रुईफांग हिस,
अनेक आशीर्वाद.

मला पत्राची सवय नाही. तुझी आई लिहायची आणि मी खाली नाव घालायचो. म्हणून आधी कामाचं लिहितो. तिकीट परत कर. मला काही झालेलं नाही. माझं वजन उतरलेलं नाही.

मे महिन्यात ते एकशे एकवीस नव्हतंच. एकशे सात होतं. सदऱ्याच्या आत कमरेला सात-सात जिनांची दोन लोखंडी वजनं बांधून मी काट्यावर बसलो होतो. चाळीस वर्षं मी काटे केले. दांडीवर मापाचे सोळा ठिपके मारताना आमचे गुरू सांगत, की जो माप कमी देतो त्याचं आयुष्य तेवढं कमी होतं. जो जास्त दाखवतो त्याचं काय होतं ते त्यांनी सांगितलं नव्हतं, म्हणून धीर केला. परवा पोलिनला बसमध्ये रडताना पाहिलं तेव्हा कळलं काय होतं ते. तिथेच सांगणार होतो. पण पन्नास माणसं बसलेली, तोंड उघडेना.

का केलं ते सांगतो. तू राहिली असतीस. नवरा तिकडे, पोटात मूल, आणि तू इथे माझ्या वाडग्यात भात वाढत बसली असतीस.

आणखी एक आहे, ते लिहायला जड जातं. तू चुलीपाशी उभी राहिलीस की पाठमोरी थेट तुझी आई दिसायचीस. भाजी चिरणं तिचं, झाकण ठेवायची तऱ्हा तिची. तू वाढलेलं माझ्या घशाखाली उतरत नसे. तू बघतेस म्हणून तोंडात घ्यायचो आणि उरलेलं मागच्या दारी कोंबड्यांना घालायचो. तू गेल्यावर चार-पाच दिवसांनी एका सकाळी मला भूक लागली. मला त्याची शरम वाटली, पण लागली. तानफंग तुझ्या आईसारखं काहीच करत नाही. भात करपवते, मीठ जास्त घालते, सारखी बोलत असते. मी दोन वाडगे जेवतो.

एकशे सातवरून एकशे दहा. लावणीच्या दिवसांत सगळ्या गावात वाढलेली माणसं दोनच, मी आणि श्याओमान.

तुझी यात काही चूक नाही. हे पाकीट टपालात पडलं की घरच्यांना मी सांगणार आहे, डॉक्टरलाही जाऊन सांगीन, म्हणजे तो सही करील. मिठाचं तेवढं तानफंगला कळवू नकोस, ती रुसेल. बाळंतपणात गरम पाणी पीत जा.

तुझा बाप,
छ्यू

---

यीछुन
१० सप्टेंबर १९८६

ती. बाबांस,
रुईफांगचा शि. सा. नमस्कार.

पत्र काल मिळालं. उभ्याउभ्याच वाचलं. आधी इतका राग आला की कागद चुरगाळला, मग सरळ करून परत वाचला आणि कोंबड्यांपाशी आल्यावर हसू फुटलं, मग रडले. श्यूतोंग घाबरून धावत आला. त्याने पत्र वाचलं आणि टोपी घालून स्टेशनवर गेला. तिकीट परत करून दोन कोबीचे गड्डे घेऊन आला. आता आम्ही बोलतो.

तुम्ही बरे आहात. हे वाक्य मी कालपासून मनात किती वेळा म्हटलं ते मोजलं नाही. गेले तीन आठवडे मी ताटावर नुसती बसत होते. आज दुपारी चार वाडगे जेवले. डॉक्टरीण बाई म्हणतात की बाळाला यापेक्षा चांगलं औषध त्यांच्याकडे नाही. इथे पहिलं दहिवर पडलं. बर्च सगळे पिवळे झालेत. शरद आला आहे हे मला आजच दिसलं.

मला वाईट वाटलं नाही असं लिहिणार होते. पण आपल्या घरात तेवढं खोटं पुरे झालं. वाटलं. कारण तुम्हाला ठाऊक नाही ते सांगते. मी मुद्दाम आईसारखी उभी राहायचे. मला तिच्यासारखं चिरता येत नव्हतं, ते मी आठवून आठवून शिकले. झाकण तिच्यासारखं ठेवायचे. तुम्हाला घर रिकामं वाटू नये म्हणून. तुम्ही न जेवता पाठ फिरवायचात तेव्हा मला वाटायचं की अजून नीट जमलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी आणखी तिच्यासारखं करायचे.

बाबा, आता मी माझ्यासारखं रांधते. श्यूतोंगला फरक कळत नाही, पण माझे हात हलके झालेत.

नोव्हेंबरात तार येईल. पुढच्या मे महिन्यात बाळाला घेऊन येईन, तेव्हा त्याला तुमच्या काट्यावर घालू. दरम्यान तुमचा आकडा कळवत जा. कमी भरला तर कमी लिहा. मी लगेच गाडीत बसणार नाही, एवढं वचन देते. पण तुम्ही किती उरला आहात ते मला खरं कळू द्या.

तुमचा लोभ आहे तसाच राहू द्या.

तुमची मुलगी,
रुईफांग