गप्प बसल्याबद्दलचे प्रशस्तिपत्र

प्रति,
मा. शिक्षण अधीक्षक,
टॅनर्स क्रॉसिंग शाळा मंडळ, मिनेसोटा

विषय : प्रशस्तिपत्र परत घेणे व अहवालाचे कलम सहा दुरुस्त करणे.
संदर्भ : १६ एप्रिलच्या शाळेतील गोळीबाराचा चौकशी अहवाल.

महोदय,

मी लॉरेन व्होख्ट, पहिलीची शिक्षिका, सेवा सव्वीस वर्षे. गोळीबाराच्या वेळी मी "मुलांना नियमानुसार लपवून ठेवले व मुलांनी पूर्ण शांतता पाळली" म्हणून मंडळाने मला प्रशस्तिपत्र दिले. ते सोबत परत करीत आहे. कारणे अशी :

१. पहिला आवाज व्यायामशाळेकडून, म्हणजे इमारतीच्या पार दुसऱ्या टोकाकडून आला. माझ्या वर्गाची खिडकी गुडघ्याएवढ्या उंचीवर आहे, बाहेर गवत आहे आणि त्या दिवशी ती उघडीच होती. नियम सांगतो, दाराला कुलूप, दिवे बंद, कोपऱ्यात बसणे. मी तेच केले. अहवालानुसार बंदूकवाल्याला माझ्या दाराशी यायला चार मिनिटे लागली. अठरा मुले उतरवायला दोन पुरली असती. घरच्या खिडकीतून स्वतः अठरा वेळा उतरून मी हे मोजले आहे. शेजाऱ्यांनी पाहिले, त्यांची साक्ष हवी असल्यास मिळेल.

२. शेजारच्या वर्गाचे श्री. ड्वाइट पेडरसन यांनी नियम धाब्यावर बसवून वीस मुले खिडकीतून काढली आणि पशुखाद्याच्या दुकानापर्यंत पळवत नेली. विसाच्या वीस त्या दिवशी आपापल्या घरी जेवली. त्यांना मंडळाने कारणे दाखवा नोटीस दिली. हे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे झाले, आणि यातला चोर मी आहे, एवढे नम्रपणे नमूद करते.

३. शांततेबद्दल. लपण्याच्या सरावाच्या दिवशी मुख्याध्यापक श्री. ब्रँट प्रत्येक दाराची मूठ खडखडवून बघतात. जो वर्ग चिडीचूप राहील त्याला शुक्रवारी पॉपकॉर्न मिळते. १६ तारखेला मूठ खडखडली तेव्हा मुलांना वाटले, ब्रँट सरच आले. कुणी हूं की चूं केले नाही. महोदय, ती शिस्त नव्हती, पॉपकॉर्नची आशा होती. मग दाराच्या काचेतून गोळ्या आल्या.

४. दाराच्या काचेतून मुले दिसू नयेत म्हणून बसायची जागा दाखवणारी कोपऱ्यातली पिवळी पट्टी सतरा मुलांच्या मापाची आहे. जूनी हालव्होर्सन फेब्रुवारीत आली, अठरावी. ती पट्टीबाहेर बसायची. गेली ती एकटी तीच.

५. कलम सहा म्हणते, "वर्गात कोणीही बोलले नाही." हे खोटे आहे. पहिल्याच मिनिटाला जूनीने माझी बाही ओढली आणि कानाशी म्हणाली, "मिस, खिडकी उघडीच आहे. जाऊया ना आपण?" मी म्हणाले, "गप्प बस, बाळा." तिने ऐकले.

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवणे चालली होती. तिथे तिच्या आईने मला विचारले, "शेवटी काही बोलली का हो ती?" पालकांशी काही बोलायचे नाही, अशी मंडळाच्या वकिलांची ताकीद होती. मी म्हटले, "नाही." वर त्या बाईंनीच मला कॉफी आणून दिली. तेव्हापासून मला स्वतःची शिसारी येते.

तरी श्री. पेडरसन यांची नोटीस रद्द करावी, कलम सहामध्ये जूनीचे वाक्य व माझे उत्तर जसेच्या तसे घालावे, आणि ते तिच्या आईला सांगण्याची मला लेखी परवानगी द्यावी, ही विनंती. शनिवारपर्यंत उत्तर न आल्यास मी रविवारी विनापरवानगी जाईन. सहा वर्षांच्या पोरीला जे सुचले ते बरोबर होते, आणि तिला गप्प मी केले, हे त्या माउलीला माझ्याच तोंडून कळले पाहिजे.

अद्याप आपल्या सेवेत असलेली,
लॉरेन व्होख्ट
दि. २९ मे

सोबत : प्रशस्तिपत्र, मूळ प्रत, चौकटीसह.